बदली माणूस

डॉक्टरांनी यून-रूताईला सोमवारी सांगितलं, आजपासून आडवं व्हायचं, बाळ येईपर्यंत उठायचं नाही. बुधवारी दुपारीही ताई प्रयोगशाळेत उभीच होती, कारण आडवं होण्याचा अर्ज संगणक घेत नव्हता.

आम्ही दोघं पोस्टडॉक. शिक्षण संपलेलं, कायमची नोकरी नाही. विद्यापीठाला काम हवं असलं की आम्ही कर्मचारी, आणि आम्हाला काही हवं असलं की ‘तसे तुम्ही शिकाऊच ना’. कंत्राट वर्षावर्षाचं. दरवर्षी सही ओउयांग सरांची.

आमच्याकडे रजेच्या अर्जात एक चौकट असते : तुमचा बदली कोण? त्या माणसानं आपल्या संगणकावर ‘सहमत’ दाबल्याशिवाय अर्ज जागचा हलत नाही. आणि जो दुसऱ्याचा बदली आहे, त्याला त्या काळात स्वतः रजा मिळत नाही. माझ्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन गुरुवारी होतं, तारीख चार महिन्यांनी मिळालेली. माझी बदली होती ताई. महिन्यापूर्वी, पोटातलं बाळ शहाण्यासारखं वागत असताना, तिनंच ‘सहमत’ दाबलं होतं.

मी म्हटलं, ऑपरेशन पुढे ढकलतो. हे मी फ्रीजला टेकून म्हटलं, कारण त्या दिवसांत मला बसताही येत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं.

“आधी सरळ उभा राहून म्हण,” ताई म्हणाली.

मी प्रयत्न केला. विषय तिथंच संपला.

आम्ही कचेरीत यान मावशींकडे गेलो. चालत गेलो असं म्हणवत नाही. एक पोट धरून, एक पाठ धरून, जिन्यात दोनदा थांबत. मावशी सव्वीस वर्षं रजेचे अर्ज बघताहेत. त्यांनी सांगितलं, विद्यार्थी बदली चालत नाही, नवरा चालत नाही. एकानं स्वतःच्या बदलीत स्वतःचंच नाव घातलं होतं.

“मग?” मी विचारलं.

“मंजूर झाली रजा. पूर्ण महिना रोज कामावर येत होता बिचारा.”

मग त्यांनी चष्मा पुसत विचारलं, तुमच्या प्रयोगशाळेत तिसरं पगारी माणूस कोण? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिसरे सरच. पण प्राध्यापकाला आपला बदली करणं म्हणजे देवळातल्या देवाला प्रसादाची भांडी घासायला बसवणं. कोणी केलं नव्हतं. मनाई मात्र कुठंच लिहिलेली नव्हती.

सर कधीच काही वाचत नाहीत. संगणकावर जे येईल त्याला ‘सहमत’. गेल्या वर्षी मोडीत काढायच्या सामानाच्या यादीत चुकून त्यांचंच टेबल गेलं, त्यालाही सहमत. नवीन येईपर्यंत दोन आठवडे ते खिडकीच्या कट्ट्यावर लिहीत होते.

माझा जुना अर्ज मागे घेऊन आम्ही दोघांनीही त्यांचं नाव घातलं. चार वाजता अर्ज गेले. चार वाजून तीन मिनिटांनी दोन्हींना सहमत. फसवलं का? नाव त्यांचंच होतं, स्पष्ट, चष्मा न लावता वाचता येईल असं.

जाण्याआधी ताईनं मोठ्या यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुरीत खाऊची नवी हिरवी पुडी ठेवली. यंत्रानं नीट वागावं म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेत ती असते. त्यावर कोणाचा विश्वास नाही, आणि ती काढायची कोणाची छाती नाही. रंग हिरवाच लागतो, तारीख उलटलेली चालत नाही.

गुरुवारी माझी पाठ कापली. सोमवारी इस्पितळात सरांचा फोन आला. बुसानच्या परिषदेला जायचा अर्ज त्यांनी भरला होता आणि संगणकानं नाकारला होता : आपण दोन व्यक्तींचे बदली आहात.

“हे कधी झालं?”

“बुधवारी, सर. चार वाजून तीन मिनिटांनी.”

पलीकडून माउसची टकटक ऐकू आली.

“म्हणजे सकाळी सात वाजता नायट्रोजन भरायचा तो…”

“बदलीनं, सर.”

यंत्र थंड ठेवणारा द्रव नायट्रोजन गुरुवारपासून आपोआप भरला जातोय अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात यान मावशींनी कोणाला तरी दरडावून तो भरून घेतला होता.

तासाभरात आम्हा दोघांना अर्ज आला : बदलीला मोकळं करावं. दोघांची संमती हवी. खाली दोन बटणं, हिरवं ‘सहमत’, करडं ‘असहमत’. माझा अंगठा हिरव्यावर जाऊन थांबला. सहा वर्षांची सवय, आणि डिसेंबरात कंत्राटावर सही त्यांचीच. मी ताईला फोन लावला.

ती डाव्या कुशीवर होती. गरोदर बाईच्या घरात खिळा ठोकू नये म्हणून तिच्या आईनं हातोडा लपवून ठेवला होता, आणि आता तो कुठं ठेवला ते आईलाच आठवत नव्हतं.

“सर म्हणाले, तीनच दिवस,” ताई सांगत होती. “खुर्चीत नुसती बस म्हणाले.”

“मग?”

“मग मी सगळं वाचलं. पहिल्यांदाच, अरे. खाली बारीक अक्षरात आहे, बदली सुटला की मूळ माणूस कामावर हजर समजला जाईल.” ती दम घ्यायला थांबली. “काल पोट दोनदा आवळलं. मूळ माणूस उठणार नाही.”

“कंत्राट?”

“डिसेंबरात मी आई असेन. ते तेव्हा बघू. दाबतेय.”

ते करडं बटण चालतं की नाही, हे आमच्या विद्यापीठात कोणालाच माहीत नव्हतं. चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सरांनी आम्हा दोघांना फोटो पाठवला. नायट्रोजन भरलेला, कोपरापर्यंत मोठे हातमोजे, मागे यंत्र. यंत्राच्या डोक्यावर पिवळी पुडी. खाली लिहिलं होतं, भूक लागली म्हणून जुनी खाल्ली, नवी आणून ठेवलीय, यंत्र मात्र बंद पडलंय.

ताईनं पडल्या पडल्या एकच ओळ धाडली : “हिरवी, सर.”

आणि कूस न बदलता झोपली.