लेकीने देवाकडे काय मागितलं?

मोजणीदारांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नव्हतं. चाळीस वर्षं जमिनी मोजलेला माणूस. जे मोजता येत नाही ते नाहीच, असा त्यांचा खाक्या. देवाचा विषय निघाला की समोरच्याला गप्प केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बायको हसून सोडून द्यायची.

ती जाऊन पाच महिने झाले होते, आणि एकुलती एक लेक तेव्हापासून घरी फिरकली नव्हती. दोन खोल्यांत मोजणीदार दिवसचे दिवस एकटे. "अर्धाच लिटर द्या," एवढंच काय ते दूधवाल्याशी बोलणं. आपला आवाज शाबूत आहे ना, हे पाहायला ते कधीकधी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत.

एका दुपारी बायकोची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर आल्या. त्यांच्या संस्थेची भाड्याने आणलेली लोखंडी खाट परत न्यायची होती. टेम्पो यायला वेळ होता, म्हणून टेकल्या.

"ताई येतात का हो, काका?"

"कसली येते! रुसून बसलीय. आईच्या उशाशी हात जोडून पुटपुटत होती. मी म्हटलं, हा खुळेपणा बंद कर. पुराव्याशिवाय मानायचं म्हणजे बुद्धी गहाण टाकायची! काय चुकलं माझं?"

"देव मीही मानत नाही, काका."

मोजणीदारांचा चेहरा खुलला. "मग!"

"पण पुराव्याचं काढलंत म्हणून विचारते. ताईंनी औषधाची एक तरी वेळ चुकवली? गजर लावून द्यायच्या. डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडायच्या. सगळं करून झालं की मग हात जोडायच्या. बुद्धी गहाण टाकलेलं माणूस असं वागतं?"

"पण मागून उपयोग काय झाला? आई गेलीच ना?"

"त्या काय मागत होत्या, ते विचारलंत?"

मोजणीदारांनी नकारार्थी मान हलवली.

"न विचारताच निकाल देऊन मोकळे झालात. हे तरी बुद्धीला धरून आहे का, काका?"

टेम्पो आला, खाट गेली, सिस्टरही गेल्या. मोजणीदार बराच वेळ मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी लेकीला फोन लावला.

"मी बोलतोय. त्या दिवशी तू देवाकडे काय मागत होतीस गं?"

"आता कशाला, बाबा? पुन्हा हसायला?"

"नाही गं. विचारायचंच राहून गेलं."



"आई वाचणार नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. ते कशाला मागू? बाबांना एकट्याने राहता येऊ दे, एवढंच मागत होते."

एवढंच! आणि तेही त्यांच्यासाठी!

"नाही जमत गं मला," मोजणीदार कसेबसे म्हणाले.

"संध्याकाळी येते," लेक म्हणाली.

ती आली. मोजणीदारांनी त्या दिवशीही देव मानला नाही, आणि जेवताना दोघांचा कडाक्याचा वाद झाला. पण लेकीचं बोलणं त्यांनी प्रथमच शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

वाचकहो, देव मानावा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या बुद्धीला विचारून ठरवावं. त्यासाठी खुशाल भांडावं. मात्र मानणाऱ्याला खुळा किंवा न मानणाऱ्याला पापी ठरवण्याआधी त्याचं म्हणणं तरी ऐकावं. जी बुद्धी आपल्याच माणसाला एक साधा प्रश्न विचारत नाही, तिला विवेक म्हणू नये.