सलाईनचा गुण

माझ्या आतड्यातली गाठ काढून झाली. पुढच्या केमोचं ठरवायला मुलगा सुनील, नात ज्ञानेश्वरी आणि धाकटे दीर आबासाहेब नगरच्या दवाखान्यात आले. मीही होते, रिपोर्टांची पिशवी धरायला.

डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे गोळ्या, आणि जोडीला दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध. त्यानं हातापायांची बोटं बधिर होतात, गार पाणी सोसत नाही. बऱ्याच जणांचं ओसरतं, काहींचं वर्षानुवर्षं राहतं. दुसरी वाट नुसत्या गोळ्यांची.

"तुमच्या वयाला सलाईनचा जास्तीचा फायदा थोडाच आहे, आजी. गोळ्यांनी तळहात लाल होतील, जुलाब होतील. लगेच कळवा, डोस कमी करू."

"केस जातील का?" सुनीलनं विचारलं.

"दोन्हीत फारसे नाहीत."

"मग सलाईनच लावा," आबासाहेब म्हणाले. "गोळ्या आमच्या पुणतांब्यातबी भेटत्यात. एवढ्या लांब आलो अन् सलाईन न्हाई?"

आमच्याकडे सलाईन लागल्याशिवाय माणूस आजारी धरत नाहीत, आणि ती न लावणाऱ्याला डॉक्टर म्हणत नाहीत.

"आजी हातानं काही बारीक काम करतात का?" बाईंनी विचारलं.

"छ्या, घरीच असत्यात."

पंच्याहत्तर साली याच आबासाहेबांच्या लग्नात सासूबाईंनी मला गव्हले वळायला बसवलं होतं. रव्याचं पीठ चिमटीत धरायचं आणि जिऱ्याएवढा दाणा वळायचा. दाणा मोठा झाला की सासूबाई तो परत पिठात टाकायच्या, बोलायच्या मात्र नाहीत. तेव्हापासून घरातल्या एकाही लग्नात खिरीचे गव्हले विकत आले नाहीत. आता वैशाखात ज्ञानेश्वरीचं लग्न होतं.

"मी गव्हले वळते," मी म्हणाले, आणि रिकाम्या चिमटीनं वळून दाखवले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आता तुम्हीच सांगा."

"गोळ्या."

परतताना गाडी कोपरगाव रस्त्याला लागली. मग आबासाहेब म्हणाले, "भावकीला काय सांगायचं? वहिनीला गोळ्यांवर काढून दिलं?"

सुनीलनं तोड काढली. गावातल्या दवाखान्यातून सलाईनची बाटली आणून माझ्या पलंगाशी खिळ्याला टांगली, नळीचं टोक गोधडीखाली खोचलं आणि काकांना सांगितलं, ही ताकदीची आहे. भेटायला येणारे आधी बाटलीकडे बघत, मग माझ्याकडे. बाटली महिनोन् महिने तेवढीच भरलेली होती. कुणी काही विचारलं नाही.

मधे तळहात सोलले, तेव्हा डोस कमी झाला. चैत्रात मी गव्हले वळायला बसले.

आबासाहेब आले. सुपातले चार दाणे त्यांनी तळहातावर घेऊन पाहिले.

"बोटं चालत्यात की, वहिनी. बधिर न्हाई झाली?"

"नाही."

त्यांनी मान वर करून खिळ्याकडे पाहिलं. "सलाईनचा गुण."

माझ्या हातातला दाणा जरा मोठा झाला होता. मी तो परत पिठात टाकला. बोलले नाही.