रिकाम्या झोक्याचं इंग्रजी

अर्जातला रकाना एवढासा होता की त्यात एकच शब्द मावावा, आणि तोही फार लठ्ठ नसावा. वर छापलं होतं, प्रथेचं नाव, इंग्रजीत. व्लास्तिमिर मास्तर त्या रकान्यापुढे तिसरा दिवस बसून होते.

गावाच्या भाषेत अडचण काहीच नव्हती. 'ल्युल्याती' हे एक क्रियापद सर्बियातल्या सगळ्या द्रेनोवो गावाला पुरत होतं. पाळणा हलवायला तेच, झोका घ्यायला तेच, दुसऱ्याला झोका द्यायलाही तेच, आणि राकिया पिऊन घरी निघालेल्या रादिसावच्या चालीलाही तेच. इंग्रजांचा कारभार मोठा. त्यांनी पाळण्याला 'रॉक' ठेवला, झोक्याला 'स्विंग' आणि वाऱ्यावरच्या फांदीला 'स्वे'. मास्तरांनी हे तिन्ही शब्द चौतीस वर्षं पोरांना शिकवले. शाळा बंद पडली तेव्हा पोरंही तीनच उरली होती, म्हणजे माणशी एक शब्द.

खरी पंचाईत प्रथेची होती. जुर्जेवदानच्या सणाला, मे महिन्याच्या सहा तारखेला, द्रेनोवोत द्रेनच्या झाडाला झोका बांधतात. त्या झाडाचं लाकूड लोखंडासारखं, म्हणून त्यावर झोका घेणाऱ्याची तब्येतही तशीच राहते, असं म्हणायचं. पण कोणी बसण्याआधी, जे गावात नाहीत त्यांचं एकेकाचं नाव घेऊन रिकाम्या झोक्याला एक धक्का द्यायचा. पूर्वी सैन्यात गेलेली पाच-सहा पोरं असायची. पाच-सहा धक्के झाले की पोरी झोक्यावर तुटून पडायच्या. आता कामाला गेलेल्यांचं व्हिएन्ना झालं, माल्मो झालं, ल्युब्लियाना झालं. नावं संपेपर्यंत दुपार कलते, आणि संपल्यावर बसायला उरतात त्या म्हाताऱ्या, ज्यांना डॉक्टरांनी बसल्यावर उठू नका आणि उठल्यावर बसू नका असं सांगितलेलं आहे. तेव्हा झोका सकाळपासून संध्याकाळपर्यंत रिकामाच हलतो.

ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं? मास्तर शेवटी स्तामेनाआजीकडे गेले. नावं घेण्याचा मान तिचा होता, वय शहाऐंशी. तिनं त्यांना चमचाभर जर्दाळूचा मुरंबा आणि पाणी दिलं आणि म्हणाली, "बोलावणं लिही की. आम्ही त्यांना बोलावतोच ना?"

मास्तरांना ते पटलं. घरी येऊन त्यांनी रकान्यात 'बोलावणं' अशा अर्थाचा शब्द लिहिला आणि झोका रिकामा का असतो ह्याच्या दोन ओळी समासात बारीक अक्षरात जोडल्या. तालुक्याच्या सांस्कृतिक भवनाचा संचालक रातोमिर ह्यानं त्या दोन्ही ओळींवर रेघ मारली. ह्या रातोमिरला मास्तरांनी इंग्रजीत दोनदा काठावर पास केलं होतं, त्याचं फळ आता मिळत होतं.

"मास्तर, स्विंग लिहा," रातोमिर म्हणाला. "स्विंग म्हटलं की माणूस हसतो. रिकामं कशाला सांगायचं? रिकामं काही कोणी यादीत घेत नाही."

यादी हॉलंडच्या एका संस्थेची होती, जपण्याजोग्या जुन्या प्रथांची. यादीत नाव आलं की पर्यटक येणार, पर्यटक येणार म्हटल्यावर बस सुरू करावीच लागणार, असा तालुक्याच्या अध्यक्षांचा शब्द होता. प्रवासी कमी आहेत म्हणून बस गेल्या नोव्हेंबरात बंद झाली होती. मास्तरांना यादीचं सोयरसुतक नव्हतं, त्यांना बस हवी होती. त्यांची बायको दोब्रिला हिचा एक डोळा गेलाच होता. दुसऱ्यात दर महिन्याला निश शहरातल्या इस्पितळात जाऊन सुई टोचून घ्यावी लागे, आणि नोव्हेंबरपासून तिच्या सहा खेपांपैकी तीन चुकल्या होत्या. गावात मोटारी दोन. एक चालत नव्हती आणि दुसरीचा मालक चालत नव्हता. दोब्रिला म्हणायची की खिडकीच्या मध्यभागी एक करडा डाग बसलाय, आणि तो दर महिन्याला पाहुण्यासारखा थोडा ऐसपैस होतो.

मास्तरांनी रकान्यात स्विंग लिहिलं.

सणाच्या दिवशी हॉलंडच्या बाई पाहणीला आल्या. मारेइके त्यांचं नाव, उंच, उन्हानं लाल झालेल्या आणि सगळ्याला मान डोलावणाऱ्या. त्यांच्या आधी तालुक्याहून एक मिनीबस आली. नोव्हेंबरनंतर गावात शिरलेली ती पहिली बस. तिच्यातून भरतकामाच्या पोशाखातल्या आठ नाचणाऱ्या मुली उतरल्या, पाळीपाळीनं झोक्यावर बसल्या, रातोमिरनं फोटो काढले, आणि बस त्यांना घेऊन लगेच परतलीसुद्धा, कारण त्यांना तीन वाजता आणखी एका गावात तरुण पिढी व्हायचं होतं.

मुली गेल्यावर काठी टेकत स्तामेनाआजी झाडाशी गेली. कोकराचं मांस भाजलं जात होतं तिकडे तिनं पाहिलंही नाही. तिनं नाव घेतलं, झोका ढकलला. पुन्हा नाव, पुन्हा धक्का. बाकीच्या म्हाताऱ्या मागे उभ्या राहिल्या. मारेइकेबाईंनी वही खाली केली. बराच वेळ पाहिलं आणि मास्तरांना हळूच विचारलं, की ह्यावर कोणी बसत का नाही?

मास्तरांनी प्रश्न आजीला सांगितला. आजी वळली, मास्तरांकडे नाही, थेट त्या बाईंकडे बघून बोलू लागली.

"सांग तिला, बसणारे गेले. आत्तापर्यंत एकवीस नावं घेतली, त्यातली चार माझ्या पोटची. आणि आमचा आउतोबुस बंद केला, तेही सांग. ह्या दोब्रिलाचा डोळा जातोय त्यापायी. हा रातोमिर सांगायचा नाही, तूच सांग."

मास्तरांनी रातोमिरकडे पाहिलं. तो बाईंच्या मागे उभा होता. त्यानं नुसते दोन्ही हात उचलले आणि हवेत एक मोठं स्टिअरिंग फिरवलं. तक्रारीनं फाइल मरते आणि फाइल मेली की बसही मेली, हे त्यानं मास्तरांना आठवडाभर ऐकवलं होतं.

तेव्हा मास्तर इंग्रजीत म्हणाले की, आजी सांगतायत, झोका रिकामा ठेवतो तो शांततेसाठी. शांतता बसते त्यावर.

बाईंचे डोळे चमकले. पण आजीच्या बोलण्यातला एक शब्द त्यांच्याही भाषेतला होता, त्यांच्या कानातून सुटला नव्हता. त्यांनी विचारलं की आजी आउतोबुसबद्दल काहीतरी म्हणाल्या ना?

चौतीस वर्षं मास्तरांनी पोरांना सांगितलं होतं की अनुवादात शब्द गाळू नये. तो त्यांनी गाळला नाही.

"होय," ते म्हणाले. "त्या म्हणतात, इथं बस येत नाही, म्हणून तर ही शांतता टिकली."

मारेइकेबाईंनी पुढे होऊन आजीचे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आजी समाधानानं मास्तरांना म्हणाली, "कळलं बघ तिला. बाईमाणसाला लगेच कळतं." शेजारी मुरंब्याचं तबक धरून दोब्रिला उभी होती. तिनं बाईंच्या हातात चमचा दिला आणि पाणी पुढे केलं.

जुलैत अहवाल आला. द्रेनोवोचं नाव यादीत लागलं होतं. गावच्या फळ्यावर लावायला त्याचा सर्बियन अनुवाद हवा होता, आणि तो करायला गावात एकच माणूस होता. मास्तर अंगणातल्या टेबलावर शब्दकोश घेऊन बसले आणि चौथ्या पानावर थांबले. संस्थेची एकच अट होती. ह्या प्रथेचा प्राण शांतता आहे, तेव्हा गावाच्या खाली दोन किलोमीटरवर असलेल्या पाणवठ्याच्या वर कोणतीही नियमित वाहतूक सुरू करू नये.

त्यांनी रातोमिरला फोन केला. रातोमिरला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "बस मंजूर झाली होती हो मास्तर, आईशपथ. कागद अध्यक्षांच्या सहीला गेलेला. पण आता आपण यादीत आलो ना."

दोब्रिला भेंड्या घेऊन बाहेर आली. भेंड्या ती आता बोटांनी चाचपून चिरायची. तिनं अहवाल वाचून दाखवायला सांगितलं. मास्तरांनी वाचायला घेतलं, पहिल्या तीन पानांचं कौतुक सावकाश वाचलं आणि चौथ्यावरून अलगद पाचव्यावर गेले.

"शांततेचं राहिलं," दोब्रिला म्हणाली.

मास्तरांनी चौथं पान पाचव्याखाली सरकवलं.

"तुझ्या शाळेतल्या पोरांच्या वह्या कोण तपासायचं, व्लास्ता? तू पारावर बुद्धिबळ खेळत बसायचास तेव्हा? मला बोलता येत नाही इंग्रजी, पण ऐकलेलं कळतं. त्या दिवशीही कळलं."

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"तू रातोमिरच्या हातांकडे बघत होतास. मीही बघितले." तिनं एक भेंडी जपून दोन केली. "मला वाटलं, येईल बस."

मास्तर म्हणाले की ते आजच्या आज हॉलंडला पत्र लिहितील, खरं काय ते सगळं लिहितील, स्वतःचं नाव घालून. ती लिही म्हणाली. पण ह्या सोमवारी खेप आहे, तिचं काय करणार ते आधी सांग, असंही म्हणाली.

सोमवारी सकाळी दोघं चालत निघाली. पाणवठ्यावर नवीन पाटी लागली होती, वर संस्थेचं चिन्ह, खाली इंग्रजी मजकूर. दोब्रिला मास्तरांच्या कोपराला धरून उभी राहिली आणि तिनं काय लिहिलंय म्हणून विचारलं. मास्तरांनी तिला शब्दाला शब्द लावून सांगितलं, काही न गाळता आणि काही न घालता. इथून पुढे चालत जावे, शांततेचा मान राखावा.

"हे वर जाणाऱ्यांना झालं," ती म्हणाली. "खाली जाणाऱ्यांना काय लिहिलंय?"

मास्तरांनी पाटीची मागची बाजू पाहिली. तिथं काही नव्हतं. निशची बस तालुक्याहून सुटायची, आणि तालुका तिथून अकरा किलोमीटर होता. एखादा ट्रक मिळेल, ते म्हणाले, आणि दोघं रस्त्याच्या कडेकडेनं चालू लागली.