बागेत जोडलेलं इंजिन

मी भोपाळच्या पिपलानी वसाहतीतल्या बागेतलं वाफेचं इंजिन बोलतोय. घसरगुंडीशेजारी उभा आहे ना, तोच. अंगानं लहान, बोलण्यानं मोठा; तेव्हा माझ्या गोष्टींतलं निम्मं सोडून द्या आणि उरलेल्यावर विश्वास ठेवा.

सातपुड्याच्या घाटात छोट्या रुळांवरून मी डबे ओढायचो. चढण अशी, की उतारू खाली उतरून जांभळं वेचत आणि पुढच्या वळणावर मला गाठत. एकदा एक वऱ्हाड उतरलं, ते लग्न लावूनच परत येऊन बसलं! खोटं वाटतंय? बरं, साखरपुडा म्हणा. वाघ तर मी जाईपर्यंत रुळाकडेला डोळे मिटून बसायचा. धूर झोंबायचा त्याला.

हे मात्र खरं. घाटातल्या एका स्टेशनवर मास्तरांची मुलगी निर्मला रोज किटली घेऊन यायची. ड्रायव्हर तिला चहासाठी माझ्या पोटातलं उकळतं पाणी द्यायचा. लग्न झाल्यावर ती माझ्याच डब्यातून सासरी निघाली. शेजारी नवरा, नरहर. भोपाळच्या कारखान्यात वेल्डर. डोळ्यात कोळशाचा कण गेला, असं सांगून ती सगळा घाट रडत होती. नरहरला ते खरंच वाटलं.

पुढे मी म्हातारा झालो. कारखान्यानं मला मागून आणलं आणि बागेत रुळांच्या तुकड्यावर उभं केलं. पोरं ढकलतील म्हणून साहेब म्हणाले, "चाकांना रुळाशी वेल्डिंगचे दोन-दोन टाके मारून टाका."

आता टरबाइनं जोडणारी माणसं ती! त्यांच्या हातून कच्चं काम होतंय होय? नरहरनं आधी चाकं तापवली, थरावर थर चढवले, घासून लख्ख केले, वर एक्स-रे काढून तपासले. वेल्डिंग शॉपनं पेढे वाटले. निर्मला बघायला आली तेव्हा तो म्हणाला, "आता तुझं माहेर इथून हलत नाही बघ!"

वर्षं गेली. नरहर रिटायर झाला. एक दिवस घाटाकडून रेल्वेचे एक साहेब आले. छोटी लाइन बंद पडली होती. हौशी प्रवाशांना फिरवायला वाफेचं इंजिन मिळालं तरच ती वाचणार, नाहीतर रूळ उचलणार. निर्मलाबाईंच्या स्टेशनाकडे जायला दुसरी वाटच नव्हती.

साहेबांनी माझा बॉयलर ठोकून पाहिला. "अरे, ये तो अभी भी जवान है!"

निर्मलाबाईंनी त्याच संध्याकाळी पिशवी भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेब चाकं बघायला खाली वाकले. "भाई साहब, ये वेल्डिंग किसने की?"

"मैंने," नरहर छाती फुगवून म्हणाला.

"बहुत पक्की की है," साहेब म्हणाले, आणि कपाळाला हात लावून बसले.

नरहरनं स्वतः गॅस कटर हातात घेतला. दोन चाकं सुटली. तिसऱ्याला आच लागली आणि असा आवाज झाला, की क्वार्टरांतून माणसं धावत बाहेर आली. चाकाला कडेपासून आसापर्यंत तडा गेला होता.

"अहो, दुसरं बसवा की," निर्मलाबाई म्हणाल्या. "टरबाइन होतं तुमच्या कारखान्यात, एक चाक होत नाही?"

"परवानगी येईपर्यंत तिकडचे रूळ उचलून होतील गं."

"हं. तुमचं काम कधी कच्चं नव्हतंच." एवढं बोलून त्या घरी गेल्या आणि पिशवी रिकामी केली.

त्याच हिवाळ्यात रूळ उचलले. आता निर्मलाबाई दुधाच्या बूथवरून लांबून वळसा घालतात, बागेतून येत नाहीत. नरहर येतो, तडा गेलेल्या चाकावर हात ठेवून उभा राहतो. मी त्याला वाघाची गोष्ट सांगून बघतो. हसत नाही.

माझं एकच मागणं आहे. मला रंग देऊ नका. या जोडांतून मला सोडवील असा आता एक गंजच उरलाय. फार सावकाश काम करतो बिचारा, पण करतो.

उद्या कुणी मोठे साहेब पाहणीला येणार आहेत म्हणे. समोर हिरव्या रंगाचे डबे उघडलेत, आणि माळी ब्रश बुडवतोय.