बोंडाचे ओरखडे

मी तोंडाची फटकळ, हे साऱ्या गावाले ठाऊक. म्हनून माह्या पोरानं, डोमाजीनं, मुधोळची बयना करून आनली, तवा बाया म्हनल्या, हिचा सासूपुढं निभाव लागत नाई. पन भांडाले समोरच्यानं तोंड तं उघडावं. ही बया बोलेच ना. ताट वाढलं तं घासाकडं पाहत बसे. डोमाजी इचोड्याहून ट्रकवर जाये, आठ-आठ दिस घरी नसे. मले वाटलं, माहेरची आठवन येत असन.

तिच्या हातांवर ओरखडे राह्यत. कापूस येचनाऱ्या कोन्या बाईच्या हातावर नसतात? वाळल्या बोंडाचं टोक लागतेच. मी काही मनावर घेतलं नाई.

मंग कापसाची वाळली पऱ्हाटी उपटली, चुलीत जळून तिची राख झाली. होळी सरली. एक दिस बयना भांडे घासून राह्यली होती, अन् पाह्यते तं हातावर ताजे ओरखडे. शेतात एक बोंड नाई, मंग हे आले कोठून?

मी हात धरला. "बयना, हे तूच करून राह्यली नं?"

तिनं हो म्हनून मान हालवली, अन् डोळे गच्च मिटून घेतले. मार खायची सवय असलेलं लेकरू मिटते तसे. माह्या रागाचं पानी झालं.

मंग हळूहळू सांगतलं तिनं. आई बाळंतपनात गेली, तवा ही लहान होती. बाप पिऊन मारे, अन् रडली तं आनखी मारे. म्हनून रडू आलं की ही सोताच्याच हाताले नखं लावे. आता कोनी मारत नाई, पन मन भरून आलं की हात आपोआप तिकडंच जाते म्हने.

शेजारची रुक्माबाई म्हनली, बाहेरचं हाय, अंगारा लाव. मी म्हनलं, अंगारा तुह्या जिभेले लाव. डोमाजीले बोलावलं अन् तिले आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तेलुगू मिसळून हिंदी बोले. मनाचं दुखनं हाय, गोळ्या चुकवू नका, हिले एकटी सोडू नका, वेळ लागन, असं त्यायनं सांगतलं.

रोज सांजेले मी तिच्या हातांले तेल लावाची. बोलाची नाई. न बोलनं मले किती जड जाते, तुमाले काय सांगू. कधी हात साफ दिसे, कधी नवा ओरखडा. नवा दिसला तं जरा जास्त वेळ हात धरून बसाची. पोरगी हातची जाईन, हे भेव मात्र रोज वाटे.

दिवाळीमागं येचनी लागली. बयना पलीकडच्या ओळीत होती. एकाएकी ओटीतला कापूस सांडत ती माह्याकडं धावत आली अन् बोट पुढं केलं.

"आत्याबाई, बोंड टोचलं. लय दुखून राह्यलं."

थेंबभर रगत होतं. एवढ्यासाठी बाया हातही थांबवत नाईत. पन ती रडून राह्यली होती, मोठ्यानं, साऱ्यायच्या देखत.

मी बोट पदरात धरलं अन् म्हनलं, "रड माय. लागलं तं रडावंच मानसानं."

माहेही डोळे वाहून राह्यले होते. त्या दिशी आमच्या दोघींचा कापूस झाडालेच राह्यला.