येसर भाजताना लावलेलं दार

"आमटी लय भारी झाली म्हणं! आजवर काय गवत खात हुते का हे लोक!" मोरीत भांडी घासता घासता महादेवी पुटपुटली. पुटपुटणं अगदी बेताचं होतं, म्हणजे पलीकडच्या खोलीतल्या नवऱ्याला आणि लेकीला नीट ऐकू जाईल इतपतच.

झालं होतं असं की, लेकीनं, शिवरंजनीनं, आज पहिल्यांदाच येसराची आमटी केली होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं पीठ. वालूर गावात घरोघरी त्याची चव निराळी. त्यात महादेवीच्या हातचं येसर तर लोक लग्नकार्याला मागून न्यायचे. पण ते भाजायला बसली, की ती सैपाकघराचं दार आतून लावून घ्यायची. लेक लहान असताना दारापाशी उभी राहून विचारायची, "माय, मी हलवू का?"

"जा, अभ्यास कर. तुला न्हाई जमायचं."

पुढं लेकीनं विचारणंच सोडलं. तिला मोबाईलमध्ये सैपाकाचे व्हिडिओ करणारी एक माधवीताई सापडली. ही बाई करपलेलंही हसून दाखवायची, "जमतं गं, घाबरू नको," म्हणायची. मग घरात दिवसभर माधवीताई असं म्हणती, माधवीताई तसं करती! ऐकून महादेवीचा जीव नुसता करपायचा. आणि आज तर नवऱ्यानं, चंद्रप्पांनी, ती आमटी दोनदा मागून घेतली होती.

चंद्रप्पांचं गावात किराणा दुकान. जेवून ते जरा आडवे झाले, तशी महादेवीनं त्यांचा मोबाईल उचलला. माधवीताईचा व्हिडिओ काढला, बोललं की लिहून येतं ती खूण दाबली आणि पोटातलं सगळं ओतलं. "सोताचं घर सांभाळता येईना म्हणून जगाला शिकवायलीस का? तुझ्या मायनं हेच शिकवलं का तुला?"

पाठवलं. छातीत कसं गारगार वाटलं!

फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. कमेंट गेली ती 'चंद्रप्पा किराणा, वालूर' या नावानं, मिशीवाल्या फोटोसकट.

संध्याकाळी चंद्रप्पा दुकानातून आले, तर शिवरंजनी मोबाईल घेऊन दारातच उभी. डोळे लाल. "अप्पा, हे तुमी लिहिलं?"

त्यांनी वाचलं. एकवार बायकोकडं बघितलं. महादेवी खाली मान घालून पीठ मळत होती. ते पीठ केव्हाच मळून झालं होतं.

"हाव. मीच," ते म्हणाले.

"माधवीताईनं उत्तर दिलंय. ऐका." शिवरंजनी वाचू लागली. "दादा, माझी आई मी लहान असतानाच गेली. मी शेजारणींच्या दारात उभी राहून सैपाक शिकले. कुणी आत घेतलं, कुणी हाकललं. अशाच दारात उभ्या असलेल्या पोरींसाठी मी हे व्हिडिओ करते. माझं चुकत असेल तर तुमच्या घरची पद्धत सांगा, मी शिकेन."



"चुकलंच माझं," चंद्रप्पा सावकाश म्हणाले. "दुकानात आलेल्या बाईला मी असं तोंडावर बोललो असतो का? समोर तोंड दिसत न्हाई म्हणून आपलं सुटतं. पण काचेपल्याडबी माणूसच हाय की! घरातला राग तिच्या अंगावर कशापायी टाकायचा?"

वाचकहो, आपणही कधी कधी असंच बोट दाबून मोकळे होतो, आणि ज्याच्याशी बोलायला हवं तो बाजूच्याच खोलीत बसलेला असतो.

"पण अप्पा, तुमाला तर आमटी आवडली हुती," शिवरंजनी म्हणाली. "मग असं का लिहिलं?"

खरं तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघंही परातीकडं बघत होते.

"ह्यांनी न्हाई, मी लिहिलं!" पिठाच्या हातांनीच महादेवी उठली. "मला त्या बाईचा हेवा वाटला, रंजे. तिनं माझी लेक पळवली, असं वाटलं. पळवली कुठं? तू तर दारातच उभी हुतीस. कडी मी लावली हुती. आधी तिला लिही, म्हणावं माझी मायच चुकली. अन् मग आत ये. येसर भाजायचंय. आज तू हलव."