पोटदुखी थांबली ती दुपार

मी एक जुनी, करंगळीएवढी शेपटी आहे. मांजराची किंवा वासराची नव्हे, माणसाच्या आतड्याची. पुस्तकात मला आंत्रपुच्छ म्हणतात. पुण्याच्या एका इस्पितळात, औषधी पाण्याच्या बरणीत मी इतकी वर्षं पडून आहे की माझा मूळ रंग आता कुणाला सांगता येणार नाही. पण मित्रांनो, एके काळी मी उबदार होते. चाकणजवळच्या कुरुळी गावातल्या सगुणा नावाच्या दहा वर्षांच्या मुलीच्या पोटात, उजवीकडे खाली, माझं घर होतं.

ती जेवायला बसली की वर खटाटोप सुरू व्हायचा. दातांनी दळलेली, लाळेनं भिजलेली बाजरीची भाकरी अन्ननळीतून जठरात उतरायची. तिथं ती आंबट रसात तीन-चार तास घुसळली जायची. मग लांबच लांब लहान आतडं. यकृताकडून पित्त यायचं, स्वादुपिंडाकडून रस यायचा, आणि भाकरीतलं सत्त्व आतड्याच्या भिंतींतून रक्तात जायचं. उरलेला चोथा माझ्या शेजारून मोठ्या आतड्यात शिरायचा. मोठं आतडं त्यातलं पाणी शोषून घ्यायचं आणि घट्ट झालेला मळ पुढे ढकलायचं. मला कुणी काही काम सांगत नसे. मी कडेला लोंबकळत ती ये-जा पाहायचे.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. सगुणा दिवसभर परसाकडे जायची नाही. गावात संडास नव्हते. बायका-मुली पहाटेच बांधाच्या आडोशाला जाऊन येत. दिवसा कळ आली तर ती दाबून धरायची, आणि पुन्हा येऊ नये म्हणून पाणीही कमी प्यायची. तिच्या आईनं तेच केलं होतं, आजीनंही. पुढे जायचा मळ आतच थांबायचा, वाळायचा. १९५७ सालच्या उन्हाळ्यात त्याचा एक बारीक, कडक खडा माझ्या तोंडात येऊन बसला.

मी त्याला ढकलून पाहिलं. तो हलला नाही. माझ्यातला ओलावा कोंडला, त्यात जंतू वाढले आणि मी सुजू लागले.

पहिल्या दिवशी सगुणाच्या बेंबीभोवती दुखलं. तिला वांती झाली. दुसऱ्या सकाळी कळ खाली उजवीकडे, नेमकी माझ्यावर आली. अंग तापलं. ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिली. तिची आजी ठकुबाई एरंडेलाची बाटली काढायला उठली. तिनं पाच लेकरं एरंडेलावरच वाढवली होती. पण सगुणाची आई रुक्मिणी आडवी आली. चाकणचे नानासाहेब डॉक्टर देवीची लस टोचायला आले तेव्हा त्यांनी बजावलं होतं, दुखत्या पोटाला जुलाब द्यायचा नाही. काल आलेली ही मला शिकवते, असं ठकुबाई पुटपुटली. पण देणार नाही असा शब्द तिनं दिला. तेव्हा रुक्मिणी रानात गेलेली बैलगाडी आणायला निघाली.

गाडी यायला दोन-अडीच तास लागले. तोवर पोर कळवळत होती, आणि ते आजीला बघवेना. सुंठीच्या काढ्यातून एरंडेल आत आलं. तासाभरानं आणखी एकदा आलं.

आतडी पिळवटू लागली. वरून लाटेमागून लाट येत होती, आणि माझी भिंत कागदासारखी झाली होती. चाकणच्या अलीकडे, गाडी खडकावरून जात असताना, मी फुटले.

आणि मित्रांनो, सगुणाचं दुखणं थांबलं.

आतला ताण गेला म्हणून कळ गेली होती. पण माझ्यातला पू आणि घाण आता आतड्यांबाहेर, तिच्या पोटाच्या पोकळीत पसरत होती, जिथं कधी काही सांडायचं नसतं तिथं. बाहेर गाडीत आई आणि आजी सुखावल्या. सगुणा उठून बसली आणि दवाखान्यासमोरची भजी मागू लागली. बाईसाहेबांना आता भजी सुचतायत, म्हणून रुक्मिणी हसलीसुद्धा. दवाखान्यात नानासाहेबांनी पोट चाचपलं. आतड्याची शेपटी सुजल्याचा संशय होता, पण कळ उतरलीय, आज घरी न्या, उद्या दाखवा, असं ते म्हणाले. जाता जाता त्यांनी विचारलं, पोटात काही औषध दिलंय का.

"न्हाई," रुक्मिणी म्हणाली. "पाणी सुदीक बेतानंच दिलं. आत्याबाईंना इचारा."

आता ठकुबाईची पाळी होती. सुनेला दिलेला शब्द मोडल्याचं परक्या माणसासमोर कबूल करायचं होतं. पोरगी तर बरी दिसत होती. ती गप्प राहिली असती तर सगळे घरी गेले असते.

"दिलंय," ती म्हणाली. "एरंडेल. दोन डाव. सकाळच्यानं."

नानासाहेबांनी पुन्हा सगुणाच्या पोटावर हात ठेवला, सावकाश दाबला आणि झटकन उचलला. ती किंचाळली.

"आजी, ही बरी झालेली नाही," ते म्हणाले. "एरंडेलानं आत फुटलंय. आत्ताच्या आत्ता पुणं गाठा."

बाजारातून बटाट्याची लॉरी निघत होती. तिच्या पोत्यांवर घोंगडी अंथरून सगुणाला नेलं. त्याच संध्याकाळी मला कापून काढलं, तिचं पोट धुतलं, नळी ठेवली. पिंपरीच्या कारखान्यात बनू लागलेलं पेनिसिलिन तिला दिवसातून कितीदा तरी टोचत होते. मला बरणीत घालून वॉर्डाच्या खिडकीत ठेवलं.

पाच दिवस तिची आतडी मुकी होती. डॉक्टर कानाला नळी लावून पोट ऐकत आणि पुढच्या खाटेकडे जात. ठकुबाई दाराबाहेर बसून असे. तिनं पोरीला हात लावला नाही, आणि रुक्मिणी तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

सहाव्या दिवशी पोटात गुरगुरलं. सगुणाचा वारा सरला. आतडी पुन्हा कामाला लागली होती. डॉक्टरांनी पेज द्यायला सांगितलं. रुक्मिणी वाटी घेऊन दाराबाहेर गेली.

"आत्याबाई, तुमी भरवा," ती म्हणाली. "तवा बोलला नसता, तर आज कुणाला भरवलं असतं?"

ठकुबाईनं पदराला हात पुसून पहिला चमचा सगुणाच्या तोंडाशी नेला.

मित्रांनो, कळ आली की जात जा, लाजून ती दाबू नका. पाणी प्या. पोट दुखत राहिलं तर जुलाब घेऊ नका. मोठ्या माणसांना सांगून डॉक्टरांकडे जा. दुखणं एकदम थांबलं म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नका. आणि चुकून काही घेतलं किंवा दिलं असेल, तर विचारायची वाट न बघता सांगा. माझ्यासारखीच एक शेपटी आत्ता तुमच्या पोटात, उजवीकडे खाली, गप्प पडून आहे. तिला बोलता येत नाही.